मदत हवी आहे : लहान मुलांच्या विशेष शिक्षणाचा कोर्स, नागपूर

नमस्कार. मी मानेवाड्यातल्या एका बालवाडीत सहा वर्षांपासून शिकवते. यंदा वर्गात चार वर्षांचा एक मुलगा आहे, अजून बोलत नाही. तहान लागली की माझं बोट धरून माठापाशी नेतो. बाकीची पोरं गाण्याच्या वेळी त्याला हाताला धरून गोलात घेतात. त्याला वेगळ्या शाळेत पाठवावं असं मला मुळीच वाटत नाही, पण शिकवायचं कसं ते नीट येत नाही, आणि जीव तुटतो.

भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला दोन वर्षांचा विशेष शिक्षणाचा डी.एड. करायचं मनात आहे. नागपुरात कुणी केलाय का? सराव पाठ सहा वर्षांखालच्या मुलांसोबत मिळतात, की मोठ्यांच्याच वर्गात? नोकरी सांभाळून जमेल का? अनुभव असेल तर कृपया सांगा.