वहीतल्या खुणा आणि किनाऱ्यावरची न्याहारी : अनुभव धागा

आगाशीहून, धागा सुरू करताना

पहाटे पाचला उठणे, रोज दहा पाने वाचणे, राग आवरणे अशा अकरा सवयींचे रकाने आखलेली वही मी चार वर्षे ठेवली होती, आणि ज्या दिवशी सगळ्या रकान्यांत खुणा पडत त्या रात्रीसुद्धा उद्याची धास्ती असे. गेल्या एप्रिलात आईने सुकेळ्यांसाठी सोललेली राजेळी केळी अंगणात उन्हात मांडली आणि कावळे हाकायला मला बसवले. हाताशी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल, म्हणजे बायबलचा मराठी अनुवाद, होते. त्यातल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातली वेल आणि फांदी (येशू वेल, शिष्य फांद्या) लहानपणापासून मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ऐकलेली. पण तिथे फांदीला एकच गोष्ट सांगितली आहे, वेलीत राहण्याची, आणि छाटणीसुद्धा माळ्याकडे सोपवली आहे, हे त्या दुपारी प्रथमच ध्यानात आले. वही मी फाडली नाही, पण पुढचे महिने कोरेच राहिले आहेत. आपणही लिहावे, उपदेश नको, बायबलमधले कोणते वचन कोणत्या प्रसंगी भेटले एवढेच लिहावे.

पाचूबंदर, वसई

ताई, माझी बोट आहे. दोन हंगाम तोट्यात गेले तेव्हा 'विचार बदला, नशीब बदलेल' असे सांगणाऱ्या एका शिबिराला मी उसने पैसे काढून गेलो. तिथे आरशासमोर उभे राहून 'मी यशस्वी आहे' असे म्हणायचे होते. मी म्हटलेही, पण डिझेलची उधारी आरशाला ठाऊक नव्हती. पुढे पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत जाळी शिवता शिवता योहानाचा शेवटचा अध्याय वाचला. रात्रभर जाळे टाकून शिष्यांच्या हाती काही लागलेले नाही, पहाटे येशूच्या सांगण्यावरून उजवीकडे जाळे टाकतात आणि १५३ मोठे मासे मिळतात, ही गोष्ट आम्हां कोळ्यांना तोंडपाठ असते. मात्र मधले एक वाक्य मी कधी नीट वाचले नव्हते : ते किनाऱ्यावर उतरतात तेव्हा कोळशाच्या विस्तवावर मासळी आधीच ठेवलेली असते आणि बाजूला भाकर असते. जाळे ओढून मासे मोजण्याआधीच न्याहारी तयार आहे! त्या वाक्याशी मी कितीतरी वेळ थांबलो, हातातली सुई तशीच राहिली. कर्ज अजून फिटलेले नाही. पण रिकामी बोट घेऊन परतताना स्वतःची लाज वाटणे थांबले आहे.

दापोली

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक आमच्याच मुलखाचे. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार (बायबलचा उत्तरार्ध) ते वाचू लागले, त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामुळे मीही तिथूनच वाचायला घेतले. 'जे आत्म्याने दीन ते धन्य' हे पहिलेच वाक्य, आत्मविश्वास वाढवण्याच्या पुस्तकांवर पगार उधळलेल्या माझ्यासारख्याला, अपमानासारखे लागले होते. आता तेच सर्वांत जवळचे आहे.

वेंगुर्ले

थोडा विरोधी सूर लावते, राग नसावा. मी परिचारिका आहे. 'वर्षभरात संपूर्ण बायबल' असे वेळापत्रक मी घेतले आणि लेवीय या तिसऱ्याच पुस्तकापर्यंत पोहोचले तोवर १९ दिवस मागे पडले. म्हणजे ताईंचीच वही, फक्त मुखपृष्ठ पवित्र! ते सोडून एक महिना फक्त बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचला. आहे त्या स्थितीत संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे, असे प्रेषित पौल त्यात लिहितो, आणि तेही बंदिवासातून. 'शिकलो' या शब्दाने मला धीर दिला, कारण त्यालाही ते उपजत नव्हते. रात्रपाळीनंतर अजूनही कधी कधी किती अध्याय झाले ते मी मोजते, हे कबूल करते.

मालवण

मधुमेहासाठी मी रोज चार किलोमीटर चालतो आणि ते सोडणार नाही. वचनाने साखर उतरत नाही, हे कोणीतरी या धाग्यात सांगायला हवे. मात्र पूर्वी मीटरवरचा आकडा चढला की तो दिवस मी स्वतःला बोल लावण्यात घालवत असे. आता आधी बायबलमधले तेविसावे स्तोत्र म्हणतो, मग बोटाला सुई टोचतो. आज सकाळी १६८ होती. चालून आलो, पेज खाल्ली आणि हे लिहायला बसलो.