शिलाई मशीनच्या स्टँडवर ऑफिस : काटकसर की पाठीला भुर्दंड?

गावभागकर
सरळ मत मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. घरून काम करायला दुकानातलं फर्निचर लागत नाही.

२०१८ साली हौसेनं पार्टिकल बोर्डचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेलं, टेबल घेतलं होतं. पुढच्याच वर्षी ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५), आमच्या घरात छातीभर आलं. परत येऊन बघतो तर टेबल चहात बुडवलेल्या खारीसारखं फुगून पसरलेलं. त्याच खोलीत माजघराचं सागवानी दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चिखल धुतला, सावलीत वाळवलं, दार जसंच्या तसं.

मग आजीच्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड बोळातून काढला, तारेच्या ब्रशनं गंज घासला आणि त्यावर त्या दाराची एक फळी आडवी टाकून बोल्ट मारले. लॅपटॉपखाली दोन विटा, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. तारा टेबलाच्या कडेला कपड्यांच्या चिमट्यांनी धरल्यात. कागदपत्रं तासगावहून आलेल्या बेदाण्याच्या बॉक्सांत. पंधरा किलोचा बॉक्स फायलींना बरोब्बर होतो. खुर्ची जेवणाच्या टेबलाची, वर उशी. सँडपेपर, पॉलिश, बोल्ट, ब्रश मिळून खर्च ६४० रुपये. कीबोर्ड-माऊस घरात होतेच.

बाजारात 'वर्क फ्रॉम होम सेट' म्हणून जे विकतात, ते पुन्हा तेच भुशाचं टेबल. ते मी घेणार नाही.

विश्रामबागेतून
टेबलाचं कौतुक आहे, पण खुर्चीवर एकच ओळ लिहून पुढं गेलात. "जेवणाच्या टेबलाची, वर उशी." माझीही हीच होती. दोन वर्षं. जेवायला माणूस वीस मिनिटं बसतो, मी नऊ तास बसत होतो. पहिलं वर्ष काही वाटलं नाही. दुसऱ्या वर्षी सकाळी वाकून चप्पल घालता येईना. मग एमआरआय, मग फिजिओथेरपीच्या चकरा. त्या पैशात दोन चांगल्या खुर्च्या आल्या असत्या.

आणखी एक. स्टँड साधारण साडेअठ्ठावीस इंच, त्यावर दाराची दीड इंची फळी, म्हणजे तीस. ती जेवणाच्या टेबलाची उंची झाली, टायपिंगला जास्तच. खांदे वर उचलून टाइप करत असणार तुम्ही. खरं सांगा.

गावभागकर
खरं सांगतो, करतो. म्हणून तर उशी घेतली! उशीनं मी वर आलो, कोपर टेबलाला समांतर झालं. आता पाय लोंबकळतात, तर खाली जेवायचा पाट ठेवलाय. आधी मशीनच्या पायट्यावरच पाय ठेवून बघितले, पण तो हलतो. मीटिंगमध्ये मी अख्खा वेळ शिवतोय असं वाटायचं.

विश्रामबागेतून
उशी दबते. महिन्यानं पुन्हा खाली याल. आणि जेवणाच्या खुर्चीची पाठ सरळसोट, कमरेच्या बाकाला तिचा आधार नाही. कमरेला टॉवेल गुंडाळून लावा म्हणतात, तेही केलं. तो सरकतो, दर तासाला उठून नीट करायचा. बंद झालेल्या ऑफिसातली, उंची कमीजास्त होणारी खुर्ची मला पुण्याहून अडीच हजारात मिळाली. तीही कुणाची तरी वापरलेलीच ना? जुनं वापरायला माझी ना नाही. ज्यावर शरीराचं वजन नऊ तास पडतं, तिथं जुगाड नको, एवढंच म्हणणं.

रंधा_कुपवाड
भावा, दोघंबी खुर्चीवर भांडताय, पण मूळ हिशोबच चुकलाय की. ६४० रुपये म्हणं! जुन्या वाड्याचं सागवान म्हंजे काय चीज हाय ठाव हाय का? दीडदोन पिढ्या वाळलेलं लाकूड, आता वाकायचं न्हाई, फुगायचं न्हाई. माझ्याकडं आणलं असतंस तर त्याच्या बदल्यात तुला नवं टेबल करून, वर खुर्चीला पैसं दिलं असतं. घरातली वस्तू फुकट न्हाई पडत मर्दा, तिची किंमत आपण धरत न्हाई एवढंच.

आन पॉलिश मारायच्या आधी खिळं काढलंस का? जुन्या दारात मोडकं खिळं आत राहत्यात. रंधा फिरवलास तर पातं गेलंच म्हणून समज.

गावभागकर
खिळे काढले, सात निघाले. रंधा मारलाच नाही, फक्त सँडपेपर.

किमतीचं म्हणणं बरोबर आहे आणि तरी मी दार विकणार नाही. ह्या दारानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तिन्ही महापूर बघितलेत. पाण्याची रेघ अजून त्यावर आहे, पॉलिशखालून दिसते. काम करताना हात तिच्यावरच असतो. ह्याला हिशोब म्हणत नाहीत, मान्य. पण मग स्वस्ताईचा मुद्दा मी अर्धा मागे घेतो.

माडीवरची_वहिनी
सगळ्यांचं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही: हे "घरातलं पडीक सामान" कुणाच्या लेखी पडीक?

आमच्याकडे ह्यांनी लॉकडाऊनमध्ये असंच ऑफिस मांडलं. माझ्या मशीनवर फळी टाकली, "तू कुठे रोज शिवतेस" म्हणून. रोज नाही शिवत. पण लग्नसराईत फॉल-पिको करून महिन्याला तीन-चार हजार घरात आणायचे, ते दोन सीझन बंद. त्यांच्या हिशोबात टेबल फुकट पडलं. पाट गेला, स्वयंपाकघरातली मांडणी फायलींना गेली, डबे खाली फरशीवर. वर मीटिंग सुरू झाली की मिक्सर बंद. कोपरा त्यांचा आणि गप्प बसायचं सगळ्या घरानं.

आणि बेदाण्याचे बॉक्स घरात ठेवताय? आतला साखरेचा अंश मुंग्यांना बरोबर कळतो. पुठ्ठ्याच्या खळीला कसर लागते ती वेगळीच. गेल्या पावसाळ्यात आमच्या विम्याच्या कागदाची कड कुरतडलेली निघाली. त्यापेक्षा पत्र्याची ट्रंक बरी.

गावभागकर
वहिनी, मशीनचं डोकं चुलत वहिनीकडे आहे, मोटर बसवून रोज चालतंय. स्टँड तेवढा उरला होता, हे आधी लिहायला हवं होतं. पाट मात्र न विचारता घेतला, ते खरं. मुंग्यांचं मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. आल्या होत्या. बॉक्स उन्हात घातले, आत हळदकुंकवाची पुडी फिरवली, आता येत नाहीत.

माडीवरची_वहिनी
सांगलीत राहून हळद मुंग्यांना! श्रावणापर्यंत थांबा, बोलू.

झिरो_वॅट
मध्येच येतो. चिमट्यात धरलेल्या तारा कुठून येतात? गावभागातल्या जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी अर्थिंगच नसतं. सहा अँपियरचा साधा पॉइंट म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३८० वॅट. लॅपटॉप, राऊटर, दिवा आरामात चालतील. पण त्याच एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन लावून इस्त्री किंवा गीझर जोडू नका. आणि पुरात भिजलेला विजेचा जुना बोर्ड "वाळला की चालतो" म्हणून परत बसवला असेल तर आजच काढा. लाकूड वाळवून वापरता येतं, बोर्ड नाही.

गावभागकर
बोर्ड तोच होता. उद्या बदलतो.

विश्रामबागेतून
आणि खुर्ची?

गावभागकर
खुर्ची बघायला रविवारी येतो तुमच्याकडे, तासभर बसून बघू द्याल तर. पण टेबलावर मी अडून आहे. भुशाचं टेबल परत घरात येणार नाही, आणि नदी शेजारी असताना त्यात मला तरी चूक दिसत नाही.

रंधा_कुपवाड
बरं, न्हाई विकत तर न्हाई. पर बिजागरीच्या खाचा तरी भरून घे. दाराची फळी म्हंजे खाचा असणारच, आन कीबोर्ड नेमका त्यावरच डुगडुगत असंल.

गावभागकर
डुगडुगतो. डावीकडून तिसऱ्या बोटापाशी. खाली बसचं तिकीट घडी करून घातलंय.