भातलावणीच्या दिवसांत योगवर्ग टिकवायचा कसा?

खाडीपल्याड (गुहागर तालुका)
देवळाच्या सभामंडपात रोज सकाळी सहाला बायकांचा वर्ग असतो. मे अखेरपर्यंत वीसेक जणी येतात, लावणी लागली की पाच-सहाच उरतात, आणि त्यांचीही कंबर धरलेली. जांभ्याच्या फरशीला ओल सुटते, मॅटांना बुरशी येते. शिवाय २०२० च्या निसर्ग वादळापासून, वारा सुटला की काहीजणी शवासनात डोळे मिटायला तयार होत नाहीत. वर्ग ऑगस्टपर्यंत बंद ठेवावा का?

सड्यावरून
बंद करू नका, वेळ बदला. लावणीत सकाळी सहाला कोण येणार? दिवेलागणीला पंचवीस मिनिटं पुरतात. चहा घेतलेला चालेल, पण भाकरी खाल्ली असेल तर दोन-तीन तास पोटावर झोपायचं नाही.

क्रम असा ठेवा. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर, गुडघे काटकोनात, पाच मिनिटं. मग मकरासन, म्हणजे पालथं पडून डोकं हातांवर, तीन मिनिटं. त्यानंतर कोपरांवर टेकून अर्धभुजंगासन, पाच श्वास, दोनदा; खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत. शेवटी सेतुबंधासन, म्हणजे पाठीवर झोपून कंबर उचलायची, तीन वेळा.

पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन ही पुढे वाकायची आसनं या दिवसांत वगळा. बायका स्वतःहून मागतील, कारण ताण बसला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण दिवसभर चिखलात वाकून मणक्यांतल्या चकत्यांवर दाब आलेला असतो, पाठीमागचे बंध ताणलेले असतात. त्यावर पुन्हा पुढे वाकलं की दुखणं वाढायचीच शक्यता जास्त. कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा पायाला बधिरपणा असेल तर आसनं थांबवून डॉक्टरकडे.

माडाखाली
मॅटबद्दल: घामाने ओली झालेली मॅट गुंडाळून ठेवली की बुरशी ठरलेली. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा आणि पडवीत दोरीवर उलगडून टाका, गुंडाळूच नका. तळाला प्लास्टिकची चटई, वर सतरंजी हे बसून-झोपून करायच्या आसनांना उत्तम. उभं राहायचं असेल तेव्हा मात्र चटई आणि सतरंजी काढून ठेवा. ओल्या फरशीवर चटई सरकते आणि त्रिकोणासनात पाय फाकतो. फरशी कोरडी पुसून अनवाणी उभं राहायचं.

खाडीपल्याड
वेळ बदलली तरी दुसऱ्या वाडीतल्या बायका अंधारात पऱ्या (ओढा) ओलांडून येणार नाहीत. त्यांचं काय?

बांधावरची
त्यांना बोलावू नका ताई, वर्ग त्यांच्याकडे पाठवा. लावणीला बायका एकत्रच असतात. प्रत्येक गटातल्या एकीला एवढंच शिकवा: तासाभराने बांधावर यायचं, पाय खांद्यांइतके फाकवून कमरेवर हात ठेवायचे, नजर समोर, हळूच मागे झुकायचं, पाच वेळा. चक्कर येणारीने करू नये. एकीने हाक दिली की सगळ्या उठतात. एकटी बाई काम सोडून उठत नाही.

वर्गातही प्रत्येकीकडे एक आसन सोपवा, सूचना तिनेच द्यायच्या. सगळं शिक्षिकेच्या तोंडून येत असेल तर तिला ताप आला की वर्ग बंद. दोन दिवस न दिसलेल्या बाईच्या घरी शेजारणीने डोकावायचं, हेही ठरवून टाका. एरवी ‘कोणीतरी जाईल’ म्हणता म्हणता कोणीच जात नाही.

भीतीचं म्हणाल तर डोळे मिटायची सक्ती नको. पत्र्याचा आवाज येत असताना शांत पडून राहिलं की काहींची धडधड वाढते. भिंतीला पाठ टेकून, दाराकडे तोंड करून बसवा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. दहा आवर्तनांनंतर भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, पण कान न झाकता. आजूबाजूचा आवाज ऐकू आला पाहिजे. कपालभाती, भस्त्रिका हे जोरकस श्वास अशा दिवशी नकोच. रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर एरवीही नको.

सड्यावरून
कान न झाकण्याचं पटलं. एक भर: जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, पुरुष जाळी दुरुस्त करत बसतात. त्यांची मान आणि खांदे आखडतात. त्यांना वेगळी वेळ द्या, पण मानेवर भार येणाऱ्या सर्वांगासनाने सुरुवात करू नका.