मदत हवी आहे: दारू आणि ऑनलाइन रमी, दोन्हींवर उपचार एकत्र होतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही धनकवडीला राहतो. धाकट्या दिरांची दारू जुनी, त्यात आता मोबाइलवर रमी. कर्ज झालंय. सकाळी प्यायले नाहीत तर हात इतके थरथरतात की चहा बशीत सांडतो. त्यामुळे घरीच एकदम बंद करायची भीती वाटते. अशा वेळी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं हवीत एवढं कळलंय.

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव अर्थातच डोक्यात आहे, १९८६पासूनचं काम आहे त्यांचं. तिथे किंवा पुण्यात इतरत्र जुगाराच्या सवयीवरही समुपदेशन होतं का? जाऊबाईंना अल-अ‍ॅनॉनच्या (दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा आधारगट) मराठी बैठका दक्षिण पुण्यात कुठे मिळतील? सगळ्यांचं लक्ष दिरांकडे, ती मात्र झिजतेय.

एका केंद्राने फोनवरच सांगितलं, "गाडी पाठवतो, उचलून आणतो." नको रे बाबा! जेवणात गुपचूप दारू सोडवायचं औषध घालायचे सल्लेही कृपया नकोत, वर दारू प्यायली तर जिवावर बेतू शकतं. दीर सध्या निदान "बघू" म्हणतायत. पहिल्या भेटीला त्यांना कसं न्यावं, अनुभव असेल तर सांगा.