गे मित्रासाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायचं की नाही?

गोदाकाठकर:
रविवारपासून हेच डोक्यात चालू आहे म्हणून लिहितोय. आमची सोसायटी नाशिकच्या इंदिरानगरला. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मीटिंग चालली होती, टाकीची सफाई झाली, लिफ्टचा खर्च झाला आणि शेवटी एक काका म्हणाले की चौथ्या मजल्यावरच्या त्या दोघांचं काय करायचं, बॅचलर म्हणून आले त्याला चार वर्षं झाली, लग्नाचं नाव नाही, आणि घरात बेड एकच आहे असं कामवाल्या मावशी सांगतात. दोनतीन जण हसले. त्यातला एक माझा बारावीपासूनचा मित्र आहे, तो गे आहे हे त्याने स्वतः मला सांगितलंय, हा फ्लॅट पण मीच बघून दिलाय. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. हातात चहाचा कागदी कप होता तो चुरगळत राहिलो. भीती एकच, लोक म्हणतील ह्याला एवढा पुळका कशाला, हा पण तसलाच आहे का.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, बाबा अॅडमिट होते तेव्हा सहा रात्री बाकड्यावर कोण झोपलं होतं?

भाडेकरूला मीटिंगला बसता येत नाही, मालक पुण्याला असतो, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारा त्या जागेत मी सोडून कोणीच नाही. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट पुढच्या महिन्यात संपतंय. काय करावं, खरं सांगा.

सिडको_भाऊ:
राग मानू नका पण कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. माझा त्यांना विरोध नाही, घरात काय करायचं ते करा. पण तुम्ही उभं राहून बोललात की आज जे चारजण कुजबुजतात ते अख्ख्या बिल्डिंगला कळणार. आणि हल्ली सगळे समान हक्क समान हक्क म्हणतात ते म्हणजे नक्की काय? २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं ना? गुन्हा राहिला नाही, विषय संपला.

पंचवटी_वकील:
विषय तिथे संपला नाही हो. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने एवढंच झालं की दोन सज्ञान माणसांचं संमतीने एकत्र येणं गुन्हा राहिलं नाही. लग्नाचा प्रश्न पुढे गेला तेव्हा १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की समलिंगी जोडप्याला लग्नाचा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. म्हणजे आज वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एक मृत्युपत्र न करता गेला तर दुसऱ्याला वारस म्हणून काहीही मिळत नाही, सगळं नातेवाईकांकडे जातं. जॉइंट अकाउंट आणि नॉमिनीला अडचण नाही हा खुलासा सुद्धा सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये केला, त्याआधी बँकेत काउंटरवरचा माणूस काय म्हणेल त्यावर सगळं.

आता तुमच्या मीटिंगचं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागतच नाही, सभासदाने आधी लेखी कळवायचं आणि अॅग्रीमेंटची कॉपी द्यायची, झालं. तुम्ही ते गे आहेत की नाहीत ह्या चर्चेत शिरूच नका. उठा आणि विचारा की हा विषय अजेंड्यावर कुठे आहे आणि कोणत्या नियमाखाली आपण कोणाचे बेड मोजतोय. कोणाचं गुपित फुटत नाही, काम होतं.

नाव_नको:
मी गे आहे, नाशिकचाच आहे, घरी माहीत नाही. आधी मित्राला विचारा. प्लीज. माझ्या एका चांगल्या मैत्रिणीने प्रेमापोटी माझा फोटो सप्तरंगी झेंड्यासकट टाकला आणि मला टॅग केलं, तिला वाटलं मला बरं वाटेल. अर्ध्या तासात काढला, पण तेवढ्यात मावसभावाने बघितला होता. आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही आणि मी आठ महिने आईचा फोन वाजला की आधी घाबरायचो.

पण वकीलसाहेबांशी मी पूर्ण सहमत नाही. नियमावर बोललात तर घर वाचेल, हे मान्य. ते जे हसले त्यांचं काय? ऑफिसमध्ये जेवताना रोज असलं काहीतरी चालतं, मी डब्यात बघत जेवतो. मला भाषण नको असतं कोणाचं. समोरचा एक जण, ज्याचं लग्न झालंय, ज्याला कोणी काही म्हणणार नाही, त्याने फक्त ‘ह्यात हसण्यासारखं काय आहे’ एवढं विचारलं तर तेवढा घास तरी खाली उतरेल. मी विचारलं तर लगेच माझ्याकडे बघतील. तुम्हाला तो धोका फार कमी आहे, म्हणून तुम्ही बोलायचं.

जुना_नाशिककर:
वय ६८. आमच्या पिढीला हे पचत नाही, खोटं कशाला बोलू. घरात नातवंडं आहेत, त्यांनी विचारलं तर काय सांगायचं? सोसायटीत कुटुंबं राहतात, त्यांना वातावरणाची काळजी वाटली तर ती पण समजून घ्या. सगळ्यांना लगेच वाईट ठरवू नका.

येवल्याचे_गुरुजी:
काका, नातवाला सांगा की ते दोघं एकत्र राहतात. मुलांना तेवढं पुरतं, मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय, पोरं पुढचा प्रश्न क्रिकेटचा विचारतात.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला होता, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली म्हणून, समलिंगी संबंधांबद्दलच्या सुद्धा. १९३४ मध्ये हायकोर्टात त्यांची बाजू मांडली बाबासाहेब आंबेडकरांनी. आपल्या काळारामाचा सत्याग्रहही त्याच सुमाराचा, २ मार्च १९३० ला सुरू झालेला. स्वतःच्या लढाया कमी होत्या का त्यांना? तरी लोक ज्यावर बोलायला लाजत होते त्या विषयासाठी कोर्टात उभे राहिले. केस हरले. पण उभे राहिले.

सिडको_भाऊ:
गुरुजी आदर आहे, पण काळारामाशी ह्याची तुलना मला पटत नाही. तिथे लोकांना देवळात पाय ठेवू देत नव्हते, इथे एका फ्लॅटचं भाडं आहे.

येवल्याचे_गुरुजी:
दुःखांची तुलना मी करत नाही भाऊ, ती करूच नये. माणूस तोच होता एवढंच म्हणतोय. आणि घर न मिळणं ही काही छोटी गोष्ट नाही, हे आपल्या समाजात कोणालाही विचारा.

गोदाकाठकर:
काल मित्राला भेटलो, सोमेश्वरला नदीकाठी बसलो. सगळं सांगितलं, मी गप्प बसलो ते पण. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला मला वाटलंच होतं, कारण सोमवारी लिफ्टमध्ये तू माझ्याकडे बघितलं नाहीस. हे ऐकून मला कसं झालं ते लिहिता येत नाहीये.

त्याच्या पार्टनरच्या घरी माहीत नाही, म्हणून नात्याबद्दल एक शब्द नको म्हणाला. नियमाचं बोल, आणि कोणी हसलं तर थांबव. एवढंच मागितलं त्याने. सेक्रेटरीला पत्र आज लिहिलंय, सही माझी, फ्लॅट नंबर माझा. मालकाला पण फोन केला, तो अॅग्रीमेंट वाढवायला तयार आहे, त्याला भाडं वेळेवर मिळतं एवढ्याशी मतलब.

सिडको_भाऊ:
मित्राला विचारून करताय म्हणजे माझा पहिला मुद्दा गेला. बाकी माझं मत तेच आहे. पण मीटिंगमध्ये हसणं बरोबर नव्हतं, ते मीही मान्य करतो.

पंचवटी_वकील:
पत्राची पोच घ्या, सही-शिक्क्यासकट. आणि त्या दोघांना म्हणावं मृत्युपत्र करून ठेवा, वय कितीही असो.

नाव_नको:
मीटिंग झाली की इथे लिहा. मी वाट बघतोय.