ग्रँड कॅन्यन : हॉर्सशू मेसावरची जुनी तांब्याची खाण, एका मुक्कामाची तयारी (टोपणनावांनी लिहिणाऱ्या ट्रेकर्सची चर्चा)

पायपीट : मार्चअखेर फिनिक्सहून चौघं निघतोय. ग्रँडव्ह्यू पॉइंटवरून हॉर्सशू मेसावर (कॅन्यनमधल्या सपाट माथ्याच्या डोंगरावर) उतरायचं, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. परमिट हातात आहे. सह्याद्री सगळ्यांनी पालथा घातलाय, पण कॅन्यनमध्ये कोणीच उतरलेलं नाही. पाणी किती न्यावं? तेव्हा वाटेवर बर्फ असतो का? आणि मेसावरच्या लास्ट चान्स या तांब्याच्या खाणीत टॉर्च घेऊन थोडं आत जाता येईल का?

कातळवाट : सह्याद्रीत चढ आधी, ताज्या पायांनी होतो. इथे तो शेवटी येतो. वाट जेमतेम पाच किलोमीटर, पण तेवढ्यात सुमारे ७६० मीटर उतरता. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा आणि परतीला पहाटेच निघा.

वाटेत पाणी नाही, मेसावरही नाही. माणशी सात लिटर घ्या : उतरताना दोन, स्वयंपाक, चहा आणि रात्रीसाठी दोन, चढताना तीन. एकाच मोठ्या पिशवीत भरू नका. ती फाटली तर सगळंच गेलं. दोन-दोन लिटरच्या बाटल्या बऱ्या. चढाचे तीन लिटर वेगळे बांधून ठेवा, रात्री त्यांना हात लावायचा नाही.

नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. मग मळमळतं, डोकं दुखतं, आणि पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पितो. पाण्याबरोबर खारे दाणे किंवा चिवडा खात राहा.

डोमकावळे सॅकची चेन उघडतात. खाणं पक्क्या डब्यात ठेवा.

घसारा : बर्फाचं सांगतो. वरचा भाग उत्तराभिमुख आणि सावलीत आहे, त्यामुळे मार्चअखेरही तिथे बर्फ सापडू शकतो. १८९० च्या दशकात कड्याला ओंडके अडकवून, वर दगड रचून ही वाट बांधली. दिवसा वितळलेलं पाणी त्या दगडांच्या फटींत रात्री गोठतं. सकाळी वाट नुसती ओली दिसते, प्रत्यक्षात ती काच असते. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे बर्फावरचे खिळे) गाडीपाशीच चढवा. खाली अरुंद वाटेवर सॅक टेकवून बसायला जागा शोधावी लागते. कोकोनिनो खिंडीपर्यंत ते पायात असू द्या. पुढे कोरडा घसारा, म्हणजे सुटी माती-खडी लागते, तिथे काठ्या हव्यातच.

आणखी एक, ग्रँडव्ह्यूला नॅशनल पार्कची शटल बस जात नाही. गाडी तिथेच लावावी लागेल.

तांबडमाती : खाणीत जाऊ नका. थोडंसुद्धा नाही. प्रवेशाला बंदी आहे आणि २००९ मध्ये तोंडांना लोखंडी जाळ्या बसवल्यात, वटवाघळांपुरत्या फटी ठेवून. इथल्या खनिजात युरेनियम आहे, त्यातून निघणारा किरणोत्सारी रेडॉन वायू बंद बोगद्यात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. जुन्या खाणींत जमिनीतच खोल विहिरी असतात, वरच्या फळ्या कुजलेल्या असतात. काही कोपऱ्यांत प्राणवायू इतका कमी असतो की माणूस न धापता कोसळतो. टॉर्च मात्र तिथेही छान जळत राहतो!

बाहेरूनही भरपूर बघण्यासारखं आहे. पीट बेरी आणि सोबत्यांनी १८९० मध्ये इथे खाणीचा हक्क नोंदवला, खेचरांवर लादून खनिज याच वाटेने वर नेलं. १९०७ मध्ये तांब्याचे भाव कोसळले आणि काम थांबलं. खाणीबाहेरच्या ढिगातला एखादा दगड वाकून नीट बघा : मॅलाकाइटचा हिरवा पापुद्रा, मध्येच अ‍ॅझुराइटचा गर्द निळा ठिपका, दोन्ही तांब्याचीच खनिजं. उचलून न्यायचा नाही, तो गुन्हा आहे. त्या ढिगात तेच खनिज आहे, म्हणून त्यावर जेवायला बसू नका. जवळच्या दगडी घराच्या पडक्या भिंतींवर सॅकही टेकवू नका, नुसत्या रचाईवर उभ्या आहेत त्या.

पायपीट : खाणीचा बेत रद्द. मेसाच्या पूर्वेला पेज स्प्रिंग हा झरा दिसतो नकाशात. तिथलं पाणी फिल्टर केलं की झालं ना?

तांबडमाती : झरा बारमाही आहे. पण फिल्टर जंतू अडवतो, विरघळलेले धातू नाही. उकळलं तर उलट ते दाट होतात. याच कॅन्यनमध्ये ऑर्फन या युरेनियम खाणीखालच्या हॉर्न क्रीक या ओढ्याचं पाणी पिऊ नका असं पार्क सांगतं. म्हणून मुख्य साठा वरूनच न्या, झरा अडीअडचणीला. भरायचंच तर उगमापाशी भरा, खाणीजवळच्या डबक्यात नाही.

कातळवाट : आणि झऱ्याची वाट तीव्र उताराची, सुटलेल्या दगडांची आहे. मोठ्या सॅक मेसावर ठेवून दोघांनीच रिकाम्या बाटल्या घेऊन उतरा, तेही उजेड असताना.