तीन मिनिटांच्या पुढे माझे कान जातच नाहीयेत, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न जरा येडचाप आहे, हसलात तरी चालेल पण उत्तर द्या.

मी जुन्या हिंदी गाण्यांवर वाढलेली. बाबांच्या कॅसेट्स, त्यातल्या निम्म्या रेडिओवरून टेप केलेल्या, त्यामुळे कित्येक गाणी मला निवेदकाच्या अर्ध्या वाक्यासकट पाठ आहेत आणि ओरिजिनल ऐकताना ते वाक्य आलं नाही की चुकल्यासारखं होतं. १९५० ते ६५ मधलं काहीही लावा, मी खूश. शास्त्रीय म्हणजे नुसतं आ आ करणं हे माझं ठाम मत होतं, खोटं कशाला बोलू.

मग गेल्या वर्षी 'बैजू बावरा' (१९५२) मधला तो तानसेन-बैजूचा सामना पहिल्यांदाच हेडफोन लावून ऐकला. आधी शंभरदा ऐकला असेल पण सगळं लक्ष तो संगमरवर कधी वितळतो इकडेच. त्यात तानसेनासाठी अमीर खाँ आणि बैजूसाठी डी. व्ही. पलुस्कर गायलेत हे कळल्यावर मी पलुस्कर शोधत सुटले. हा माणूस १९५५ मध्ये गेला, वय ३४ फक्त. त्यांची ७८ आरपीएमची रेकॉर्डिंग्ज (जुन्या तबकड्या), एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं, त्यात बंदिश (रागातलं बांधलेलं गाणं), आलाप, ताना सगळं बसवलेलं आणि तरी कुठे घाई नाही. दोन महिने दुसरं काही ऐकलं नाही.

आता प्रॉब्लेम. म्हटलं चला, समोरचे दुसरे गवई पण ऐकू, म्हणून अमीर खाँचा मारवा राग लावला. वीसेक मिनिटांचा आहे. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा चौथ्या मिनिटाला मी मनात भलतंच काहीतरी करत असते, गाणं कुठे पोचलं पत्ता नाही. आणि दुसरीकडे ज्या सिनेमाच्या गाण्यांवर जीव टाकत होते त्यातली काही आता दुसऱ्या कडव्यापर्यंत पण ऐकवत नाहीत, व्हायोलिनांचा ताफा सुरू झाला की पुढे ढकलते. म्हणजे जुनं सुटतंय आणि नवीन (जे खरं तर आणखीनच जुनं आहे) हातात येत नाही. कुणाचं असं झालंय का? कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
मारव्याने कोण सुरुवात करतं हो ताई! त्यात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल, आणि षड्जावर (सा) गवई मुद्दाम टेकत नाही. तानपुरासुद्धा पंचमाऐवजी बहुतेक वेळा निषादाला (नी) लावतात. टेकायला जागाच नसल्यासारखं वाटतं आणि तेच त्या रागाचं काम आहे. त्याच एलपीच्या (मोठ्या तबकडीच्या) दुसऱ्या बाजूला दरबारी राग आहे, तो आधी ऐका.

दुसरं म्हणजे तुम्ही सिनेमाच्या गाण्यात मुखडा परत यायची वाट बघता ना, इथेही तेच करायचं. बंदिशीचा मुखडा पकडून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) यायचं असतं, फक्त विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तालाचं एक आवर्तनच मिनिटभर चालतं. आणि गायक कुठल्या सुरापर्यंत चढलाय तेवढं बघा. खालून सावकाश वर येतो. तार षड्ज (वरचा सा) लागेपर्यंत थांबायचं, मधलं सगळं कळलं नाही तरी बिघडत नाही.

प्रतिसाद २
मी उलटं केलं होतं, शेवटची पाच मिनिटं आधी. द्रुत (जलद) बंदिश पाठ झाली की मग मागे मागे जायचं. आमच्या गुरुजींना सांगितलं तर जोडा काढतील, पण उपयोग झाला.

प्रतिसाद ३
एक वेगळं मत. तीन मिनिटं म्हणजे पहिली पायरी आणि तास म्हणजे शिखर असं कुणी सांगितलं? तबकडीवाल्या गवयांना काय टाकायचं हे ठरवायला लागायचं, त्याला अक्कल लागते. आणि ती व्हायोलिनं, त्यांना सहा महिने सुट्टी द्या. परत येतात. माझी आली.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांना थँक्यू. प्रतिसाद ३, हे वाचून फार बरं वाटलं, मी उगाच गिल्ट घेऊन बसले होते.

काल दरबारी लावला, दिवा बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मध्ये एकदा डुलकी लागली हे मान्य करते. पण तो तार षड्ज लागला तेव्हा जागी होते आणि तो येणार हे मला आधी कळलं होतं!! कसं कळलं ते नका विचारू. द्रुत आधी ऐकायचा प्रयोग आज करणार आहे, गुरुजींना सांगू नका.

आता पुढचा प्रश्न. झूमरा ताल चौदा मात्रांचा ना, तीन-चार-तीन-चार? बोटांवर मोजते तर आठव्या मात्रेला 'खाली' (टाळी न देण्याची जागा) येते तिथपर्यंत ठीक, मग अकराच्या आसपास दर वेळी हरवते आणि सम माझ्याआधीच येऊन गेलेली असते. तबल्याचे बोल पाठ करू की मुखडा कुठे उचलतात तेवढंच धरून बसू? कुणी तबलावाले असतील तर सांगा.